चर्चेचं इतिवृत्त

सभासद एकेचाळीस, हजर सतरा.
सबटायटल आलीच नाहीत, हे आधी नोंदवतो;
पुण्याहून आली ती प्रत तशीच लावली.
फ्रेंच कुणालाच येत नव्हतं.
तसं सिनेमालाही फारसं येत नसावं.
एक माणूस, हातात किल्ली,
आणि नव्या बंगल्याच्या दाराला भोकच नाही:
दीड तास तेवढंच.

दिवे लागल्यावर प्राध्यापक हेर्लेकर उठले.
म्हणाले, कथानक नाही, पात्रांना आतली बाजू नाही,
आणि यंत्राला नावं ठेवणं सोपं असतं
ज्याच्या घरी भांडी दुसरं कुणी घासतं त्याला.
(हे चांगलं बोलले. टाळी कुणी वाजवली नाही.)
मगदूम बिल्डर म्हणाले, घर मात्र झकास,
त्या ओट्याचा फोटो काढून ठेवायला हवा होता.
ते चेष्टा करत नव्हते.
नेर्लीकर बाईंना सिनेमा दुःखाचा वाटला.
का, ते सांगितलं नाही;
पर्समध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

मागच्या रांगेत बुगटे,
उद्यमनगरात लेथवर पस्तीस वर्षं, फुकट पासवर आलेले.
सिनेमाभर एकटेच हसत होते
आणि बहुतेक वेळ डोळे मिटून.
विचारलं तर म्हणाले,
"त्या कपाटाचा आवाज ऐकलासा काय?
उघडलं की हं. झाकलं की हं.
घरमालकाला बायकू काय बी इचारू दे, त्यो बी हं.
दोघांचा सूर एकच की!
माझं मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलतंय.
त्या घराचं पयल्यापासनंच बिघडल्यालं हाय.
बघायला कशाला पायजे?"

यावर चर्चा झाली नाही. चहा आला होता.

परतताना गंगावेशीत थांबलो.
कट्ट्याशी म्हशी उभ्या, समोर धार काढणं चाललेलं.
स्टीलच्या ग्लासात पहिली धार टणक वाजली,
मग फेस चढेल तशी खोल, दबकी,
शेवटी नुसती सुस्कारल्यासारखी.
पंधरा वर्षं पितोय इथं. ऐकली नव्हती.
"आज डोळं झाकून उभारलासा?" आक्काताई म्हणाली,
"मी काय पाणी घालतो व्हय?"

रात्री इतिवृत्तात लिहिलं:
चित्रपट संथ. छायाचित्रण उत्तम. ध्वनी ठीक.
मग 'ठीक' खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचलेलं नाही,
म्हणून सचिवाची,
म्हणजे माझी,
सही बाकी आहे.