दहा मिनिटं

चुना लावणं हा माझा धंदा.
हसू नका. कळीचा चुना तीन महिने भिजवायचा,
त्यात बकरीचे केस पिंजून घालायचे,
आणि भिंतीला तिचं अंग परत द्यायचं. एवढंच मला येतं.
म्हणून बोलावलं मला थ्रॉसगिल हॉलवर.

यॉर्कशरचा उंच माळ. झाड नाही, कुंपण नाही,
नुसतं हेदर, आणि त्यावरून उलटा हात फिरवणारा वारा.
नळाला पाणी येतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं,
पीटच्या काळ्या थरांतून झिरपत आलेलं.
पहिला आठवडाभर मी बादली दोन-दोनदा विसळत होते.

समितीत वाद एकच : घर न्यायचं कुठल्या सालात?
जिना एका शतकातला, छप्पर दुसऱ्या.
पश्चिमेच्या खोलीत वॉलपेपरचे सात थर निघाले.
इस्थर इंगलबीने ते कांद्यासारखे सोलले
आणि चौथ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे थांबू."
अठराशे चौऱ्याहत्तर. झालं.
त्यानंतरचं सगळं खरवडायचं.
युद्धात इस्पितळ होतं तेव्हाचा हिरवा रंग,
गळतीवर कुणीतरी घाईत थापलेलं डांबर,
पेन्सिलीने लिहिलेलं "एडिथ, खाट नऊ."
ते मात्र मी खरवडलं नाही.
वरून पातळ हात मारला. आहे ती तिथेच.

ऑगस्टात दार उघडलं. माळ जांभळा झालेला,
मधमाश्यांनी भरलेला.
अँब्रोज रेस्ट्रिक आला, वय एक्क्याण्णव,
आणि तिकीट हातात धरून मोठ्या दाराशी अडला.
"इथून?"
"इथूनच."
पायपुसण्यावर बूट पुसत राहिला. पुसतच राहिला.

त्याची आई इथे कपडे धुवायची, अकरा वर्षं.
हिरवळीवर बसलेल्यांना दिसू नये म्हणून
जमिनीखालून बोगदा होता
धुण्याच्या टोपल्यांसाठी,
आणि टोपल्या उचलणारणींसाठी.
हे घर समोरून कसं दिसतं
ते तिला ठाऊक होतं एका पोस्टकार्डावरून.

माझं छत त्याने पाहिलं नाही.
(चौदा आठवडे मान मोडली होती मी त्यासाठी.)
अंगणात गेला. तबेल्यावरचं घड्याळ पाहिलं,
मग मनगटावरचं.
"बरोबर चालतंय," म्हणाला. तक्रार केल्यासारखा.
"लीड्सहून माणूस आणून दुरुस्त केलं."
"ते कधीच बरोबर नव्हतं. दहा मिनिटं पुढे असायचं.
बाईसाहेबांचा हुकूम.
कामावर यायचं या घड्याळाने,
सुटायचं आतल्या घड्याळाने.
आई म्हणायची, माझी दहा-दहा मिनिटं
कुणाच्या कपाटात आहेत, विचारून ये कधीतरी."
मग त्याने चहा कुठे मिळतो ते विचारलं.

अकरा वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस :
साडेपाचशे तास.
चुना मुरत असतो तेव्हा माणूस असले हिशेब करतो.

तबेल्याची परांची अजून उतरवली नव्हती.
संध्याकाळी वर चढले आणि काटा
दहा मिनिटं पुढे ढकलला. जसं होतं तसं.
जीर्णोद्धार म्हणतात तो हाच ना?

सकाळी चहाघरातली केझाया
चढावरून धावत आली, धापा टाकत,
एक बूट न बांधलेला,
घड्याळाकडे बघून रडवेली.
सतरा वर्षांची पोर. वेळेच्या आधी आलेली.

मला माझीच लाज वाटली.

त्या रात्री पुन्हा चढले.
काटा मागे घेतला : दहा नव्हे, वीस मिनिटं.

आता थ्रॉसगिलचं घड्याळ दहा मिनिटं मागे चालतं.
समितीला वाटतं, माळावरचा वारा.
इस्थर काही बोलत नाही,
पण परांची अजून उतरवलेली नाही तिने.
केझाया चालत येते, वाटेत मेंढ्यांशी काहीबाही बोलत.

रोजची दहा मिनिटं.
फिटायला अकरा वर्षं लागतील.
चुनाही सावकाशच धरतो.