हात वर

मार्चचा पहिला मंगळवार. व्हरमाँटचा चिखल
बुटांना धरून शाळेच्या जिममध्ये आलेला.
बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्या.
दाराशी सहावीची पोरं केक विकतायत, सहलीसाठी.
गावसभा. कलम सात: शाळेचं बजेट.

ऑरिन थ्रॅशर उठतो. कोटाला गोठ्याचा वास.
'अकरा गाई उरल्यात माझ्याकडे. मुलं केव्हाच गेली.
बँडच्या मास्तरचा पगार मी का भरू?'
कुणी हसत नाही. अध्यक्षबाई विचारतात,
'झालं बोलून?'
'नाही,' म्हणतो, आणि तेच पुन्हा सांगतो,
जरा सावकाश.

बार्शीला, सातवी ब मध्ये,
उंबरजे सर लोकशाहीची व्याख्या पाठ करून घ्यायचे.
एक शब्द गळला की 'हात पुढे कर'.
व्याख्या अजून तोंडपाठ आहे.
तळहाताचीही आहे.
हात वर करायचा तो एवढ्याचसाठी,
करंगळी दाखवून, बाहेर जायला.

केकच्या टेबलामागून विनी लाफ्लाम पुढे येते.
तिला मत नाही, म्हणून सभेची परवानगी लागते.
'कुणाची हरकत?' सगळे ऑरिनकडे बघतात.
तो टोपी मांडीवर फिरवतो. 'बोलू दे की.'

'मला ट्रॉम्बोन नीट येत नाही,' ती म्हणते,
'पण आमच्या एका तुकड्यात छत्तीस आवर्तनं
मला काहीच वाजवायचं नसतं.
बाकीच्यांचं ऐकत मोजत बसायचं.
मोजणं चुकलं की... म्हणजे सगळ्यांचंच बिघडतं.'
पुढचं विसरते. कान लाल.
खाली बसायला खुर्ची नसते, तशीच उभी राहते.

आवाजी मतदानात काही कळेना,
मग हात.
नागरिक होऊन मला पाच महिने झालेत.
हात वर गेला खरा,
पण चार बोटं मिटलेली, करंगळी तेवढी ताठ.
उरलेली उघडायला
मोजणारी बाई माझ्या रांगेपर्यंत येईस्तोवर वेळ लागला.

चार मतांनी ठराव टिकला.
ऑरिनचा हात विरोधात होता, शेवटपर्यंत, सरळ.

मग तो केकच्या टेबलाशी गेला.
'दोन डॉलर? एवढ्याशा तुकड्याला?'
विनीने किंमत उतरवली नाही.
त्याने पाचाची नोट दिली
आणि उरलेले तीन
तिच्यासमोर मोजून घेतले.