बाजू बदलताना

कव्हरच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरांत
माझं नाव आहे.
नावेलकरचं नवलकर झालंय. असू दे.

तोवर मी फक्त माशेलची भजनं भरायचो,
मंडपात, समईला धक्का लागणार नाही
अशा बेताने माइक उभा करून.
समेवर टाळ एकदम आले की काटा लाल पट्टीत शिरायचा,
मी दोन बोटांनी त्याला मागे आणायचो.
एवढीच विद्या.

एर्मेलिंदने विचारलं, पियानो भरशील?
म्हटलं, पेटीसारखाच ना?
पेटीला वारा लागतो, म्हणाला, ह्याला राग.
कुठला, ते मी विचारलं नाही.

बेतीचा क्लब म्हणजे धक्क्याला चिकटून एक लांबट खोली,
खाली मांडवी, वर मंगळुरी कौलं,
आणि भरतीच्या ओलीने सुजलेला पियानो.
मधल्या सप्तकातली एक पट्टी
दाबली की खालीच बसून राहायची,
मग कुरकुरत उठायची, कधीतरी.
तिला तो रेजिदोर म्हणायचा :
येणार, पण साहेबाच्या वेळेने.

रेकॉर्ड लावा.
पहिल्या तुकड्यात फेरीबोटीचा भोंगा आहे.
रेजिदोर गैरहजर होता नेमका तिथे तो वाजला,
आणि एर्मेलिंद भोंग्यालाच धरून पुढे निघाला,
बुवा जसा खोकणाऱ्याकडे बघत
निरूपण वळवतो, तसा.
दुसऱ्यात बर्फ फुटतो. एक बाई काहीतरी ओरडते.
ती त्याची बहीण, फिलोमेन,
दोन दिवसांनी लिस्बनला परत जायची होती.
तिसऱ्याच्या शेवटी टाळ्या कमी आहेत.
माणसं कमी नव्हती, हातांत ग्लास होते.

मग चौथा. लांब.
डावा हात त्याच चार सुरांवर, रहाटासारखा,
उजवा कुठेतरी आत, पाण्याशी.
टोनिन्हने ब्रश मांडीवर ठेवून दिले.
बासवाला डोळे मिटून नुसता उभा.
आणि मला दिसलं, फीत संपत आलीय.
चकतीवर बोटभर. मग नखभर.

भजनी मंडळाला मी हात करतो :
बुवा, थांबा, बाजू बदलतो.
बुवा थांबतात, पान जमवतात,
विठ्ठलही थांबतो बहुतेक.
ह्याला हात करायला
माझा हात उचलला नाही.

अकरा सेकंद.
काढ, उलट, ओव, दाब.
तेवढ्यात त्याने काय वाजवलं
ते मला वाजवून दाखवता येत नाही,
घरी पेटीवर पुष्कळ शोधलं.
एवढंच सांगतो, की रेजिदोर वेळेवर आला.
त्या एका रात्री, एकदाच.
एर्मेलिंद त्याच्यावर थांबला
आणि सूर पूर्ण विझेपर्यंत
कुणी ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.
काटा शून्यावर होता.

दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनीच.
लोकांना वाटतं, मुद्दाम केलंय.
मुंबईच्या कुठल्याशा पेपरात छापून आलं :
शेवट न ऐकवण्याचं धाडस.

केबल गुंडाळत होतो तेव्हा तो आला,
शर्ट पाठीला चिकटलेला.
आयलें?
आलं, म्हटलं.
सगळें?
मी केबलचा एक वेढा सोडला, परत घातला.
सगळं.

रेकॉर्ड निघाल्यावर त्याने ती ऐकली असणारच.
मला कधी बोलला नाही.
नाताळात दरवर्षीसारखी त्याच्याकडून बेबिंका आली,
केळीच्या पानात, सुतळी बांधून.
दरवर्षी सात थर असायचे.
मी सुरी लावायच्या आधी मोजले, मग लावल्यावर मोजले.
सहा.
बायको म्हणाली, चवीत काही फरक नाही.