श्कोदरची गाडी

पॉडगोरिकात तिकीटखिडकीतली बाई
मान वर न करता सांगते,
रूळ आहेत, गाडी नाही.
मालगाडी जाते कधीमधी. तुम्ही थोडेच माल आहात!

मग नियाझीची व्हॅन. किती वाजता सुटणार विचारलं
तर तो सीटा मोजतो : अजून तिघं.
तिघं येईस्तोवर दोन कॉफ्या, एक भांडण
टपावर बांधलेल्या शिलाई मशीनवरून.
मशीन लुम्तुरीचं. धाकट्या बहिणीला द्यायचंय.
सुई मात्र वेगळी, रुमालात, कोटाच्या आतल्या खिशात.

गाव सुटलं की रूळ रस्त्याला येऊन चिकटतात,
तळ्याच्या कडेनं, गंजत, बरोबरीनं.
नियाझी काच खाली करतो.
बावीस वर्षं सिग्नल पाडले त्यानं;
अजून फाटक दिसलं की
पाय आपसूक ब्रेकवर,
आणि आम्ही उभे. समोरून
काहीच जात नाही.
मागचा ट्रकवालाही हॉर्न मारत नाही.

नाक्यावर शिपाई टपाकडे बोट करतो :
चालतं का हे?
लुम्तुरी म्हणते, पोचलं की कळेल.

शिक्का बसला.
पलीकडे रूळ डाळिंबाच्या झुडपांत शिरले
ते पुन्हा दिसलेच नाहीत.
तिनं कोट चाचपला.
होती.