पायाकडून हाताला

कुचन नगरच्या मागच्या गल्लीत
रात्रपाळीच्या मागानं नायनाचा अंगठा घेतला
तेव्हा टॉवेलची किनार लालच होती.
रंग कुठं संपला, रक्त कुठून लागलं,
जॉबरलाही सांगता आलं नाही.

चार बोटं उरली.
एकाच दिशेला तोंड करून बसलेले चार भाऊ,
वळून समोर कुणी येईना.
तुटलेला धागा दिसायचा, सापडायचा,
गाठ बसायची नाही.
कुलपात किल्ली फिरायची नाही.
कडक भाकरी आई मोडून द्यायची,
तो ताटाकडं न बघता खायचा.

डॉक्टर पोरसवदा होता. म्हणाला,
पायाचा अंगठा काढून हाताला लावू.
आईनं विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.
"पायानं जेवायचं का ओ माणसानं?"

मी आठवीला विज्ञान शिकवते.
त्या रात्री पत्र्याखाली तिला सांगत बसले,
लई पूर्वी पायालाही होता असा अंगठा
बाजूला वळलेला, फांदी धरणारा.
मग आपण उतरलो. चालायचं ठरलं.
खालच्यानं धरणं सोडलं,
बोटांच्या रांगेत जाऊन उभा राहिला,
अंगाचा भार घेतला.
तेव्हा कुठं वरचा रिकामा झाला
दगडाला धार लावायला,
सूत वळायला,
तुझ्या पानाचं तोंड मुडपायला.
म्हणून तर दोघांना एकच शब्द, अंगठा.
(हे शेवटचं पुस्तकात नाही. मीच जोडलं.)

आई ऐकत होती. नखानं पान मुडपत म्हणाली,
"तवाबी खालच्यानंच दिलं.
आताबी खालच्यानंच द्यायचं?"

मला उत्तर आलं नाही.

दहा तास लागले.
पट्टी सुटली तेव्हा हाताला एक परका पाहुणा,
रुंद नखाचा, जाडजूड,
त्यावर अजून चपलेच्या अंगठ्याचा वळ.
आणि डाव्या चपलेतली ती चामड्याची कडी
आता रिकामीच.
मोच्यानं मागून पट्टा शिवून दिला,
पैसे घेतले नाहीत.

बँकेतलं यंत्र ओळख देईना.
क्लार्क म्हणाला, हा कुणाचा अंगठा?
"माझाच की. खालनं वर आलाय,
बढती झालीया."
आजवर अंगठाबहाद्दर म्हणून हसलेले
त्या दिवशी वेगळं हसले.

सात महिने तो दोऱ्याशी भांडला.
पहिली गाठ सुटली, दहावीही सुटली.
कितवी बसली ते त्यानं सांगितलं नाही,
फक्त एका सकाळी माझ्या पर्सचा तुटलेला बंद
बांधलेला दिसला. वाकडा. घट्ट.

काल आईनं भाकरी अख्खी वाढली.
कट्ट.
तिनं वर पाहिलं नाही,
शेंगाचटणी तेवढी पुढं सरकवली.

हात धुवायला उठताना
त्याचा पाय तिच्या सुपाला लागला.
सवयीनं वाकला, सुपाला हात लावून कपाळी नेला,
आणि मधेच थांबला.
पायाची चूक,
माफी मागतोय पायाचाच अंगठा.

आई इतकी हसली की मांडीवरची तंबाखू सांडली.
डोळे पुसले, तंबाखू गोळा केली,
तेवीस, चोवीस,
पंचवीस.
दोरा गुंडाळला,
आणि गाठ मारायला कट्टा
त्याच्या हातात दिला.