दोन रुपये पान

दवाखान्याच्या फाटकासमोर, पानठेल्याला लागून
माझी झेरॉक्सची मशीन.
शेजारचा खर्रा घोटतो पन्नीवर, घसघस,
आणि त्याच्यासमोरून लोक जबडे दाखवायला जातात.
दोघांचे कुलर एकाच वायरीवर चालतात,
म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

आठला रांग.
रेशनकार्डाच्या दोन, आधारच्या चार,
बायोप्सीच्या किती सांगितल्या?
सांगितलंच नाही कोणी.
पाच काढा, मी म्हणतो, एक घरी ठेवा,
ओरिजिनल कोणाला देऊ नका, देवालासुद्धा.
योजनेच्या खिडकीवर बारानंतर सर्व्हर बसतो,
आधी तिथं जा, रक्त मग द्या.
एवढं सांगायला आत कोणी मोकळं नसतं.
मी असतो, मशीन गरम होईपर्यंत.

अकरा वर्षांत इंग्रजी एवढंच आलं:
वेल, मॉडरेटली, पुअरली.
पुअरली म्हणजे गरीब नव्हे, हे एका शिकाऊ डॉक्टरनं
चहा पिता पिता समजावलं.
मग म्हणाला, तसं पाहिलं तर...
आणि कप ठेवून गेला.

काल एटापल्लीकडची बाई, झुरी उसेंडी,
नवऱ्याला लिंबाखाली बसवून एकटीच आली.
"यात काय लिवलं हाय जी?"
मी कागद काचेवर पालथा घातला, झाकण लावलं.
हिरवा उजेड त्याच्या घशावरून
या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.
"डॉक्टर सांगतील."
"सांगतलं त्याईनं. मले समजलं नाई.
परत विचाराची हिंमत नाई झाली."

स्टूल पुढं केलं.
मला माहीत होतं तेवढंच सांगितलं:
आजार मोठा आहे, उपचार आहे.
मशीनचा शेक, पस्तीस दिवस, रविवार सोडून.
किती बरं वाटेल, ते मला माहीत नाही.
ती ऐकत होती, पण पस्तीसवरच थांबली.
पदराच्या गाठीत मोहाचे पैसे,
बोटांनी वरूनच मोजले.
"रायाचं कुठी?"

बिघडलेल्या कॉपीच्या पाठीवर नंबर लिहिले.
हा धर्मशाळेचा, नाव आजच टाका.
हा डबेवाल्यांचा, पातळ वरण मागा.
आणि हा इंदुमती ढोमणेंचा.
"ह्या काय देते?"
काही नाही. त्यांचाही जबडा अर्धा गेला आहे.
रात्री फोन उचलतात.

अठ्ठावीस पानं, छप्पन झाले. मी चाळीस घेतले.
सगळ्यांना सोडले तर टोनर कोण भरेल,
हा हिशोब मी रोज करतो
आणि रोज चुकतो.

पुढच्या गिऱ्हाइकानं झाकण उचललं
तर काचेवर तिचा रिपोर्ट, ओरिजिनल, तसाच.
दुकान खर्रेवाल्यावर टाकून धावलो.
लिंबाखाली ती नवऱ्याला चमच्यानं ताक पाजत होती,
थोडं आत जायचं, थोडं शर्टावर.
कागद हरवल्याचं तिला माहीतही नव्हतं.
घडी घालून तिनं तो पिशवीत ठेवला,
मग दुसरी चिठ्ठी काढली, मळलेली,
तिसऱ्या नंबरावर बोट ठेवलं.

"इले आता लावू का जी?
रात नाई झाली अजून."

माझ्याच मोबाइलवरून लावला.
दोनदा रिंग गेली.
"बोल बाई," पलीकडून आवाज आला, अर्धवट, जाडसर.
आणि झुरी काहीच बोलली नाही,
फोन कानाशी दाबून
नुसती बसून राहिली.