दोनशे चौदा

अर्ज पाचच्या आत द्यायचाय.
डॉक्टर नेल्दा आपासा कोट न काढताच बसल्यात
ग्रंथालयाच्या तळघरात, माझ्या टेबलासमोर,
जिथे हीटर फक्त आवाज करतो.
वर ला पासचं तीनचं ऊन,
इथे बोटं गार.

मी वाचत जाते: एकतीस वर्षं,
सत्तेचाळीस शोधनिबंध.
त्या मान हलवतात, जणू मी
दुसऱ्याच कुणाची उधारी वाचून दाखवतेय.
एच-निर्देशांक बारा.
"बारा काय?"
बारा निबंध, मी सांगते, ज्यांचा प्रत्येकी
निदान बारा वेळा कुणीतरी उल्लेख केलाय.
"आणि तेराव्याचं?"
तेरावा मोजत नाहीत, डॉक्टर.

सगळ्यांत वर आहे एकोणीसशे चौऱ्याण्णवचा.
उंचावरच्या खाणकामगारांचं रक्त,
हिमोग्लोबिनची सुरक्षित मर्यादा: एकोणीस.
उल्लेख दोनशे चौदा.
आकडा मी जरा मोठ्यानेच वाचते.
आमच्या विद्याशाखेत एवढा कुणाचाच नाही.

"उघडून बघ ना, कोण काय म्हणतंय."

उघडते. लिमा. डेन्व्हर. शिनिंग.
'आपासा यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध.'
'आपासा यांनी सुचवलेली मर्यादा फारच खाली.'
एकाने नुसतंच 'आश्चर्यकारक' म्हटलंय,
सभ्य माणसं शिवीऐवजी वापरतात तो शब्द.
पन्नासपर्यंत वाचते आणि थांबते.
मोजणाऱ्या यंत्राला कुठे कळतं
कोण नाव घेतंय
आणि कोण नावं ठेवतंय.
त्याच्या लेखी दोन्ही सारखेच,
एकेक.

दुरुस्ती त्यांनी स्वतःच छापली होती,
सहा वर्षांनी, दोन पानांची:
मर्यादा एकोणीस नव्हे, एकवीस.
तिचे उल्लेख नऊ.
त्यांतले चार त्यांचे त्यांनीच केलेले,
आणि स्वतःचे उल्लेख अर्जात वजा करायचे असतात.

"फोर्तुनातो लायमे," त्या अचानक म्हणतात.

मी लेखकांत शोधते. नाही.
आभाराच्या ओळीत शोधते,
तिथे देणगी देणारी संस्था आहे,
शीतपेटी उधार देणारं इस्पितळ आहे.

"तक्ता दोन, क्रमांक सतरा. वीस पूर्णांक एक.
पोतोसीच्या खाणीत अकरा वर्षं,
एका दिवसाचा खाडा नाही.
सुई टोचताना मला म्हणाला,
बाई, थोडं जास्त घ्या, माझ्याकडे पुष्कळ आहे.
कंपनीने माझा निबंध पुढे केला
आणि त्याला खाली पाठवलं. खाली म्हणजे सपाटीला,
जिथे हवा भरपूर
आणि ओळखीचं एक दार नाही.
त्याचं रक्त ठीक होतं, गं.
आकडा माझा आजारी होता."

मग कितीतरी वेळ नुसता हीटर बोलतो.

दोनशे पंधरा, माझ्या मनात येतं,
आणि मी ते मनातच ठेवते.

अर्जाच्या शेवटच्या पानावर एक चौकट:
संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम,
शंभर शब्दांच्या आत.
त्या माझं पेन घेतात.
नाव लिहितात, क्रमांक, खाणीचं नाव, साल.
सव्वीस शब्द भरतात.
समिती हे पान परत पाठवेल, मी सांगते.
"पाठवू दे. वाचल्याशिवाय थोडंच पाठवता येतं?"

त्यांना तसं वाटतं. मी काही बोलत नाही.
समितीची परत आलेली पानं
मी सतरा वर्षं फायलीत लावतेय.

पाचला दहा कमी असताना
कागद घेऊन जिना चढते.
दुसऱ्या मजल्यावर दम लागतो, थांबते.
जन्म इथलाच, तरी लागतो.
कठडा धरून उभी राहते,
कानात ठक ठक, माझंच रक्त.
ते किती आहे
कुणी कधी मोजलेलं नाही.